अंगावर पिणाऱ्या बाळाला ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब: सकाळचे कोवळे ऊन पुरत नाही का?

तिसरा_मजला

माझी मुलगी पावणेतीन महिन्यांची असून ती पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे. दीड महिन्याच्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी तिला ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यायला सांगितले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या की, मालिशवाल्या मावशी रोज तेल लावून झाल्यावर तिला वीस मिनिटे कोवळ्या उन्हात ठेवतात, मग आणखी बाहेरचे औषध कशाला? तेव्हापासून ती बाटली फ्रिजवर न फोडता पडून आहे. आम्ही पुण्यात राहतो, म्हणजे उन्हाचा दुष्काळ नाही. शिवाय सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नको, असे सांगणारे डॉक्टरच हे थेंब लिहून देतात, हे मला परस्परविरोधी वाटते. माझ्या दुधात काही कमी आहे का, हा प्रश्न रात्रीच्या पाजण्याच्या वेळी मनात येतो आणि मग झोप लागत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

खडीसाखर

बाटली फ्रिजवर ठेवून फ्रिजची हाडे बळकट होतील, बाळाची नाही. (हलके घ्यावे, मीही आमची बाटली महिनाभर तशीच ठेवली होती.)

आजी_सातारकर

मी तीन मुले वाढवली आणि दोन नातवंडे सांभाळली. आमच्या काळी कोणी थेंब देत नव्हते. तेल, डाळीचे पीठ, गरम पाणी आणि अंगणातले ऊन एवढ्यावर मुले दणकट झाली. आजच्या मुलींना प्रत्येक गोष्टीला बाटली लागते, असे माझे मत आहे. राग मानू नये.

बालवैद्य_४४

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धागाकर्त्या ताईंनी पहिल्यांदा एक गोष्ट मनातून काढून टाकावी. ‘ड’ कमी असणे हा तुमच्या दुधाचा दोष नसून ते मानवी दुधाचे सर्वसाधारण रूप आहे. आईच्या दुधात लिटरमागे साधारण 25 ते 80 युनिट इतकेच ‘ड’ असते आणि या वयाचे बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पिते. बाळाची रोजची गरज 400 युनिट धरली, तर हिशेब कुठेच जुळत नाही. ‘ड’ हे मुळात अन्नातून मिळवण्याचे जीवनसत्त्वच नव्हे. ते त्वचेत उन्हाने तयार व्हायचे, यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याचे रूपांतर व्हायचे आणि तेव्हा ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला उपयोगी पडायचे, अशी निसर्गाची योजना आहे. दुधाने तो भार उचललेलाच नाही.

जन्मताना बाळाजवळ जी शिल्लक असते तीही आईकडून आलेली असते, आणि ती आईच्या रक्तातील पातळीच्या निम्म्याहून थोडी अधिक असते. आईचीच पातळी कमी असेल तर बाळ रिकाम्या हातानेच येते. रक्तातील हा साठा दोनतीन आठवड्यांत निम्मा होतो, म्हणून दोनअडीच महिन्यांत तो संपल्यात जमा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षभर रोज 400 युनिट द्यायला सांगते ती याच कारणाने. अमेरिकेतील संघटनेची शिफारस 2003 साली 200 युनिटांची होती, ती त्यांनी 2008 साली 400 केली.

‘सहा महिने दुधाशिवाय काही नको’ या नियमात औषधे, जीवनसत्त्वांचे थेंब आणि जलसंजीवनी यांना पहिल्यापासून मुभा आहे. नियम पाणी, मध, गुटी आणि वरचे दूध यांच्याविरुद्ध आहे.

तिसरा_मजला

डॉक्टर, मनापासून आभार. दुधाचा दोष नाही हे वाचून फार हलके वाटले. पण मग रोजच्या वीस मिनिटांच्या उन्हाचे काय होते? ते वाया जाते का?

अक्षांश_रेखांश

मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

त्वचेत ‘ड’ तयार करणारे किरण हे अतिनील किरणांपैकी आखूड लांबीचे असतात आणि सूर्य खाली असताना ते वातावरणातच शोषले जातात. ढोबळ कसोटी अशी की आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तर ते किरण पुरेसे पोहोचत आहेत, लांब असेल तर नाहीत. ताईंनी उद्या सकाळी मालिश झाल्यावर बाल्कनीत पाण्याची बाटली उभी ठेवून पट्टीने तिची सावली मोजावी.

जानेवारीत पुण्यात सव्वाआठ वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम 14 अंशांवर असतो. म्हणजे 25 सेंटिमीटरच्या बाटलीची सावली जवळजवळ मीटरभर पडेल. डिसेंबरच्या अखेरीस तर सावली उंचीहून आखूड असण्याचा काळ पुण्यात साधारण साडेअकरा ते एक चाळीस एवढाच असतो. मेच्या मध्यावर मात्र सव्वानऊ-साडेनऊपासूनच ती कसोटी पार होते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली पायाखाली नाहीशी होते.

कोवळे ऊन ऊब देते, बाळाला प्रसन्न ठेवते, पण ‘ड’च्या बाबतीत ते कोवळेच असते. आणखी एक गोष्ट म्हणजे बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या असतील, तर ऊन कितीही लख्ख असले तरी हे किरण काच अडवते.

खडीसाखर

म्हणजे नेमके ज्या वेळी ऊन कामाचे असते, त्या वेळी पुण्यात सगळे बंद असते. दुपारी 1 ते 4 त्वचेचा कारखानादेखील बंद ठेवण्याची पाटी कोणीतरी लावलेली दिसते.

अक्षांश_रेखांश

पाटीवर ‘विनाकारण उजेड मागू नये’ असेही लिहिलेले असते.

कडूनिंब

मला या सगळ्यात बाजाराचा वास येतो. सगळ्या भारतालाच एका फटक्यात ‘कमतरताग्रस्त’ ठरवायचे, मग तपासण्या, मग थेंब, मग पुड्या. मला स्वतःला गुडघेदुखीसाठी साठ हजार युनिटांच्या पुड्या लिहून दिल्या गेल्या. लहान बाळांपर्यंत हे लोण पोहोचले याचे वाईट वाटते. नवजात बाळाच्या तोंडात पहिले औषध घालण्याआधी कोणाचा फायदा होतो आहे हे विचारायला नको का?

बालवैद्य_४४

कडूनिंब काका, तुमच्या निम्म्या म्हणण्याशी मी सहमत आहे. निरोगी बाळाची ‘ड’ची रक्ततपासणी सरसकट करण्याची गरज नसते, आणि आपल्याकडे ती वारेमाप होते. मोठ्यांना उठसूट पुड्या देण्याची सवयही चांगली नाही.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र इतिहास पाहावा. 1919 साली इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस (हाडे मऊ होऊन वाकण्याचा आजार) होऊ देऊन कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळता येतो हे दाखवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवून बरे केले. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात हॅरिएट चिक यांनी तेल आणि ऊन या दोन्ही उपायांनी मुले बरी होतात हे दाखवले. अन्नातला एक पदार्थ आणि आकाशातला प्रकाश एकच काम करतात, हे कोडे सुटायला पुढे काही वर्षे लागली. त्या वेळी पुड्या विकणारे कोणी नव्हते, वाकड्या पायांची मुले मात्र युरोपातल्या धुरकट शहरांत गल्लोगल्ली होती.

धुराचा विषय आपल्यालाही लागू आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील एका अभ्यासात मोरी गेटच्या प्रदूषित वस्तीतील लहान मुलांची तुलना त्या वेळच्या मोकळ्या गुडगावमधील मुलांशी केली होती. मोरी गेटच्या मुलांच्या रक्तातील ‘ड’ची सरासरी पातळी मिलिलिटरमागे 12 नॅनोग्रॅमच्या आसपास होती आणि गुडगावच्या मुलांची 27 च्या. आकाश तेच, सूर्य तोच, अंतर काही कोसांचे.

शेवंती

मी हा धागा तीन वेळा वाचून बंद केला आणि आता लिहायला बसले आहे.

माझा मुलगा पहिले वर्षभर जवळजवळ फक्त अंगावरच पीत होता. घन आहार त्याला आवडत नसे, आणि ‘पितो आहे ना, मग पिऊ दे’ असे सगळे म्हणत. थेंब पहिल्या महिन्यात आणले, नंतर संपले, नंतर विसरले. चौदाव्या महिन्यात तो उभा राहायला कंटाळतो, बसल्या जागी दोन्ही हात टेकून राहतो, हे माझ्या लक्षात आले. दात एकच आला होता. एक दिवस त्याला बांगडी घालून पाहावी म्हणून माझ्या भाचीची बांगडी घेतली, ती तिच्या हातात सैल होती, याच्या मनगटावरून मात्र सरकेना. हात बारीक आणि मनगट तेवढे रुंद, जणू दोन मनगटे एकापुढे एक आहेत.

डॉक्टरांनी मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला. पडद्यावर हाडाचे टोक सरळ रेघेत असायला हवे तिथे ते वाटीसारखे खोलगट आणि फणीच्या दात्यांसारखे विसविशीत दिसत होते. छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारखे उंचवटे लागत होते, ते मी रोज आंघोळ घालताना हाताखाली अनुभवत होते आणि ‘बारीक आहे म्हणून हाडे लागतात’ असे समजत होते. मुडदूस हा शब्द मी तोवर फक्त शिवीसारखा ऐकला होता.

औषध सुरू झाल्यावर तीन महिन्यांत एक्स-रेमधली रेघ सुधारलेली दिसली आणि दीड वर्षाचा होण्यापूर्वी तो चालू लागला. आज तो पाच वर्षांचा आहे आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उड्या मारतो. तरीही ती बांगडी पाहिली की मला कसेसे होते.

रानजाई

शेवंतीताई, लिहिल्याबद्दल आभार. माझा मुलगा सोळा महिन्यांचा आहे आणि त्याचे पाय किंचित बाहेर वाकलेले दिसतात. आता भीती वाटू लागली आहे. त्याला थेंब नियमित दिले होते.

बालवैद्य_४४

रानजाई, पाय किंचित वाकलेले असणे हे दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांत स्वाभाविक असते, दोन्ही बाजूंना सारखे असेल आणि वाढ नीट असेल तर ते आपोआप सरळ होते. केवळ पायांवरून मुडदूस ठरवत नाहीत. मनगटे रुंद होणे, टाळू भरायला उशीर होणे, दात आणि चालणे लांबणे, फासळ्यांवरचे मणी, या गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. पुढच्या लसीला गेल्यावर दाखवून घ्या, रात्रीच्या रात्री जायला नको.

उलट, अगदी तान्ह्या बाळात हाडांची लक्षणे दिसण्याआधीच रक्तातले कॅल्शियम घसरून आकडी येऊ शकते. दोन महिन्यांचे, ताप नसलेले, अंगावर पिणारे बाळ आकडी येऊन आणले जाते, आणि तपासल्यावर आई व बाळ दोघांचेही ‘ड’ तळाला गेलेले असते. हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. तिथे मात्र वाट पाहायची नसते.

लंडनची_वहिनी

इकडे ब्रिटनमध्ये अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज साडेआठ ते दहा मायक्रोग्रॅम द्यायला सांगतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे 40 युनिट, म्हणजे हिशेब तोच. हिवाळ्यात इथे भर दुपारीसुद्धा सावली माणसाच्या साडेतीन पटींहून लांब असते, त्यामुळे कोणी वाद घालत नाही.

मला वेगळीच सावधगिरी सांगायची आहे. परदेशात काही बाटल्यांत एका थेंबात पूर्ण 400 युनिट असतात, भारतातल्या बाटल्यांत बहुधा एका मिलिलिटरमध्ये. मी सुट्टीत मुलाला घेऊन माहेरी आले तेव्हा इथलीच बाटली बरोबर आणली होती. मी बाहेर गेले असताना आईने शेजारच्या बाळाचा ड्रॉपर आणून ‘डॉक्टर एक मिली सांगतात’ म्हणून पूर्ण एक मिली दिले. एका मिलीत साधारण तीस थेंब बसतात, म्हणजे बाळाच्या पोटात बारा हजार युनिट गेले. डॉक्टरांनी थेंब काही दिवस बंद ठेवायला सांगितले आणि कॅल्शियम तपासले, ते ठीक आले. एका वेळच्या चुकीने सहसा काही होत नाही, पण हेच रोज महिनाभर चालले असते तर उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी लघवी आणि मूत्रपिंडावर परिणाम अशी मालिका होऊ शकते, असे त्यांनी बजावले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 साली याच ड्रॉपरच्या गोंधळाबद्दल पालकांना इशारा दिला होता, हे मला नंतर कळले.

माळकरी

एक बाजूचा प्रश्न आहे. आमच्या घरी तीन पिढ्यांची माळ आहे. हे थेंब माशाच्या तेलाचे असतात का?

बालवैद्य_४४

आजकाल थेंबांतले ‘ड’, म्हणजे ‘डी-3’, बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात. लोकर कातरून घेतात, त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलेही मिळते.

माळकरी

लोकर असेल तर हरकत नाही. विठोबाच्या खांद्यावरही घोंगडीच आहे.

गुळपोळी

मला वाटते मूळ दुखणे आईच्या आहारात आहे. बाळंतिणीने डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक, नाचणी व्यवस्थित खाल्ली तर बाळाला वेगळे काही लागणार नाही. नाचणीत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, हे विसरू नये.

शेवंती

गुळपोळीताई, मी ते सगळे खाल्ले होते. नाचणीत कॅल्शियम आहे, ‘ड’ नाही.

आहारशास्त्र_विद्यार्थिनी

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे. कॅल्शियम दुधात हमखास जाते, आई ते खावो वा न खावो. कमी पडले तर शरीर ते आईच्या हाडांतून काढून देते. स्तनपानाच्या काळात आईच्या हाडांची घनता तीन ते पाच टक्क्यांनी उतरते आणि पाजणे थांबल्यावर बहुतांशी भरून येते. म्हणून लाडू आणि नाचणी आईने जरूर खावी, स्वतःसाठी खावी.

‘ड’च्या बाबतीत शरीर अशी उदारता दाखवत नाही. आईने खूप मोठा डोस घेतला तर मात्र ते दुधात उतरते. ब्रूस हॉलिस आणि कॅरल वॅग्नर यांच्या 2015 च्या अमेरिकेतील अभ्यासात रोज 6400 युनिट घेणाऱ्या मातांच्या बाळांची पातळी थेट 400 युनिट थेंब घेणाऱ्या बाळांएवढी राहिली. परंतु तो डोस नेहमीच्या डोसच्या कितीतरी पट आहे, तो स्वतःच्या मनाने घेण्यासारखा नाही, आणि बाळाला थेंब देणे त्यापेक्षा सोपे आहे.

कडूनिंब

मग पावडरच्या दुधात ‘ड’ घातलेले असते, ते उत्तम, असा याचा अर्थ होतो का? पाहा, बाजार कसा मागच्या दाराने येतो.

आहारशास्त्र_विद्यार्थिनी

काका, तसा अर्थ अजिबात होत नाही. एका जीवनसत्त्वासाठी आईच्या दुधातील सगळे संरक्षण सोडून देणे हा व्यवहार तोट्याचा आहे. पावडरच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती त्याचसाठी.

वाडीवस्ती

मी आशा स्वयंसेविका आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर आम्ही ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतो, तो सरकारी कार्यक्रमात आहे. ‘ड’चे थेंब त्या यादीत नाहीत, त्यामुळे खाजगी डॉक्टरकडे न जाणाऱ्या घरांत ते कोणी सांगतही नाही. अंगणवाडीत तपासणीला पथक येते तेव्हा मुडदुसाची लक्षणे पाहतात, पण तोवर लक्षणे दिसू लागलेली असतात. माझ्या भागात बायका बाळाला सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत ठेवतात आणि नंतर कुंची, झबले, दुपटे यांत डोळ्यांपर्यंत गुंडाळूनच बाहेर काढतात. शेतावर राहणाऱ्या बाळालाही ऊन लागत नाही, हे शहरातल्या लोकांना खरे वाटत नाही.

रानजाई

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचे काय? माझ्या बहिणीचे बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झाले आहे.

बालवैद्य_४४

आईच्या पोटात बाळाच्या हाडांत जे कॅल्शियम साठते त्यातले सुमारे ऐंशी टक्के शेवटच्या तीन महिन्यांत साठते. वेळेआधी आलेल्या बाळाला ‘ड’बरोबर कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचाही विचार करावा लागतो. त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलेच द्यावे, या धाग्यावरचे आकडे वापरू नयेत.

आजी_सातारकर

मी वर ‘आमच्या काळी थेंब नव्हते’ असे लिहिले होते. काल रात्री धाकट्या जावेशी फोनवर बोलताना तिने आठवण करून दिली की, आमच्या घरी थंडीत मुलांना चमच्याने एक पिवळे तेल देत असत. माशाचा वास यायचा म्हणून मुले पळायची आणि सासरे त्यांना बखोटीला धरून आणायचे. मी ते ताकदीचे औषध समजत होते. डॉक्टरांनी वर लिहिलेले तेल तेच असावे. म्हणजे बाटली आमच्याही काळी होतीच, मीच विसरले. शिवाय आमची मुले दिवसभर अंगणात उघडी खेळत, भर दुपारी हाका मारल्या तरी घरात येत नसत. माझी नातवंडे सोसायटीत संध्याकाळी सहाला खाली उतरतात.

कडूनिंब

आजी, तुम्ही फितूर झालात. असो. बाळांसाठी एक साधी स्वस्त बाटली, तपासणीविना, एवढ्यापुरते मी मान्य करतो. पुड्यांबद्दलचे मत कायम आहे.

तिसरा_मजला

सर्वांचे आभार. आज सकाळी सव्वाआठला मालिश झाल्यावर खरोखरच बाटली ठेवून सावली मोजली. बाटली 24 सेंटिमीटर, सावली 98. सासूबाईंनी स्वतः पट्टी धरली होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने फ्रिजवरची बाटली खाली आली.

इथे लंडनच्या वहिनींची आठवण ठेवून मी आधी लेबल वाचले. माझी समजूत एक मिलीत 400 अशी होती, पण या बाटलीवर एक मिलीत 800 छापलेले आहे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अर्धा मिली असे लिहिले आहे, जे मी दीड महिना ‘एक’ असे वाचत होते. ड्रॉपरवरची अर्ध्याची खूण इतकी पुसट आहे की ती उजेडासमोर धरावी लागली. आता त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आहे.

पहिला डोस गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडला, पाजण्याच्या आधी. निम्मा जिभेने बाहेर काढला असे मला वाटले, सासूबाईंच्या मते सगळा गेला. मालिश आणि कोवळे ऊन चालूच ठेवणार आहोत, कारण त्या वीस मिनिटांत ती एकटीच हसत असते. आता एकच प्रश्न उरतो, हे कधीपर्यंत द्यायचे? आणि एखाद्या दिवशी राहिले तर?

बालवैद्य_४४

वर्ष पूर्ण होईपर्यंत रोज 400. त्यानंतर गरज 600 युनिटांची धरतात, ती आहार आणि मैदानावरचे ऊन पाहून डॉक्टर ठरवतील. एखाद्या दिवशी राहिले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, नेहमीचाच डोस द्या.

तिसरा_मजला

सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी थेंबांचीही नोंद सुरू केली आहे. दूधवाल्याच्या नावापुढे या महिन्यात दोन खाडे आहेत. माझ्या नावापुढे अजून एकही नाही.